तरावाची लढाई आणि भांगाची भरती



लढाई म्हटली की सेनापतींची नावे, साल आणि जय-पराजय एवढे आपण पाठ करतो. परीक्षेपुरते तेवढे पुरते. परंतु एखादी लढाई जरा जवळून पाहिली तर असे आढळून येते की तिचा निकाल केवळ तलवारीने किंवा तोफेने लागत नाही. तो पुष्कळदा अशा एखाद्या गोष्टीवर अवलंबून असतो, जी आपण भूगोलाच्या तासाला कंटाळत ऐकलेली असते.

अशीच एक लढाई आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे. ती झाली १९४३ सालच्या नोव्हेंबर महिन्यात, प्रशांत महासागराच्या मधोमध, जेमतेम ३०० एकरांच्या एका बेटावर. ती ७६ तास चालली. तेवढ्या वेळात दोन्ही बाजू मिळून साडेपाच हजारांच्या आसपास माणसे प्राणास मुकली. शौर्याची उणीव कोणत्याही बाजूस नव्हती. उणीव होती ती एका साध्या प्रश्नाच्या खात्रीशीर उत्तराची. त्या सकाळी किनाऱ्यापुढच्या प्रवाळावर पाणी किती फूट असेल?

बेट आणि त्याची तटबंदी

नकाशा उघडून पाहा. हवाई बेटांच्या नैऋत्येस, विषुववृत्ताच्या अगदी जवळ गिल्बर्ट बेटांचा समूह आहे. तेव्हा ती ब्रिटिशांची वसाहत होती. १९७९ साली तिला स्वातंत्र्य मिळाले आणि आज तो देश किरिबाती या नावाने ओळखला जातो. या समूहात तरावा नावाचे कंकणद्वीप आहे. कंकणद्वीप म्हणजे प्रवाळाने बनलेल्या चिंचोळ्या बेटांची माळ आणि तिच्या आत उथळ पाण्याचे सरोवर. त्या माळेतील नैऋत्य टोकाचे बेट म्हणजे बेतिओ. लांबी सुमारे तीन किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त ८०० यार्ड, आणि समुद्रसपाटीपासून उंची केवळ काही फूट.

एवढ्याशा जमिनीला महत्त्व आले ते तिच्यावरील विमानांच्या धावपट्टीमुळे. जपानने दुसऱ्या महायुद्धात ही बेटे घेतली व बेतिओवर धावपट्टी बांधली. अमेरिकेला जपानच्या दिशेने सरकावयाचे तर पुढची पायरी मार्शल बेटांची होती, आणि त्या वाटेवर तरावा पडत होते.

जपान्यांनी वर्षभर खपून बेटाचा किल्ला केला. किनाऱ्यालगत नारळीच्या ओंडक्यांची छातीइतकी भिंत घातली. तिच्यामागे सुमारे ५०० लहान-मोठी बंदिस्त ठाणी उभारली. इंग्रजीत त्यांना पिलबॉक्स म्हणतात. सिमेंट-काँक्रीट, ओंडके आणि वर प्रवाळाच्या वाळूचे जाड थर अशी त्यांची बांधणी असे. ओंडका लवचिक आणि वाळू ढिली, म्हणून तोफगोळ्याचा धक्का ती सहज पचवीत. पाण्यात काटेरी तारा आणि काँक्रीटचे अडथळे टाकले होते. किनाऱ्यावर आठ इंची तोफाही होत्या.

बेटावर साडेचार हजारांहून अधिक माणसे होती. त्यांपैकी सुमारे २,६०० लढवय्ये होते आणि त्यांत जपानी आरमाराच्या खास निवडलेल्या पथकांचा भरणा होता. उरलेले बांधकामावरचे मजूर होते, आणि त्यांतील सुमारे १,२०० जण कोरियातून आणलेले होते. कोरिया त्या वेळी जपानच्या ताब्यात होता. या लोकांचे युद्धाशी स्वतःचे असे काही देणेघेणे नव्हते. त्यांची आठवण ठेवा. पुढे हिशेबात ती लागेल. बेटाचे सेनापती रिअर अ‍ॅडमिरल केइजी शिबासाकी हे होते. दहा लाख माणसे शंभर वर्षे लढली तरी हे बेट घेऊ शकणार नाहीत, अशा अर्थाचे उद्गार त्यांच्या नावावर सांगितले जातात.

शत्रू मोजला, पाणी कसे मोजावे?

हे बेट घेण्याचे काम अमेरिकेच्या दुसऱ्या मरीन डिव्हिजनकडे आले. जहाजातून उतरून शत्रूचा किनारा जिंकणे हेच ज्यांचे खास शिक्षण, ते हे मरीन सैनिक. ग्वादलकनालच्या लढाईत ते तावूनसुलाखून निघाले होते. जनरल ज्युलियन स्मिथ हे डिव्हिजनचे प्रमुख होते, आणि किनाऱ्यावर प्रत्यक्ष नेतृत्व करावयाचे होते कर्नल डेव्हिड शूप यांना.

तयारीत कसूर नव्हती. विमानांतून छायाचित्रे घेतली गेली. नॉटिलस नावाच्या पाणबुडीने पेरिस्कोपमधून किनाऱ्याची छायाचित्रे टिपली. बेटावर शत्रू किती आहे हे तर एका मजेदार युक्तीने काढले. जपान्यांनी पाण्यावर खांब रोवून संडास बांधले होते. छायाचित्रांत ते स्वच्छ दिसत होते. किती माणसांमागे एक संडास असावयाचा हे गणित ठाऊक असल्याने त्यावरून शिबंदीचा आकडा काढला, आणि तो पुष्कळसा बरोबर निघाला! गणित निरुपयोगी आहे असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण अवश्य लक्षात ठेवावे.

पण पाण्याचे काय? बेतिओच्या सरोवराकडील किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत प्रवाळाचा सपाट कट्टा पसरलेला आहे. सैनिकांना नेणाऱ्या हिगिन्स बोटींना तरंगण्यासाठी साडेतीन ते चार फूट पाणी लागे. कट्ट्यावर पाच फूट पाणी मिळाले तर बोटी थेट किनाऱ्याला लागणार होत्या. तीनच फूट मिळाले तर कट्ट्याच्या कडेला रुतणार होत्या. उपलब्ध सागरी नकाशे शंभर वर्षांपूर्वीच्या पाहणीवर आधारलेले होते. भरतीचे खात्रीलायक तक्ते या जागेसाठी नव्हते.

म्हणून तेथील पाण्यात वावरलेल्या लोकांना बोलावून विचारण्यात आले. बऱ्याच जणांनी पाच फूट पाणी मिळेल असा भरवसा दिला. परंतु मेजर फ्रँक हॉलंड या गृहस्थांनी निराळे सांगितले. ते त्या बेटांत पंधरा वर्षे राहिलेले होते. त्या दिवसांत भरती फसवी असते आणि कट्ट्यावर तीन फुटांपेक्षा जास्त पाणी मिळणार नाही, असे त्यांचे स्पष्ट मत पडले.

येथे सेनापतींविषयी न्यायाने बोलले पाहिजे. त्यांनी हॉलंड यांचे म्हणणे अगदीच वाऱ्यावर सोडले नाही. पाणी कमी मिळाले तर चालत जावे लागेल, हे ज्युलियन स्मिथ यांनी आपल्या लोकांना सांगून ठेवले होते. शूप यांनी पहिल्या तीन तुकड्यांसाठी पट्ट्यांवर चालणाऱ्या उभयचर गाड्या योजल्या. त्यांना अ‍ॅमट्रॅक म्हणत. त्या पाण्यात पोहत आणि प्रवाळावर सरपटत. पण अशा गाड्या मिळाल्या फक्त सव्वाशेच्या आसपास. मागून येणाऱ्या तुकड्यांसाठी बोटींवाचून गत्यंतर नव्हते, आणि पुढील मोहिमेचे वेळापत्रक ठरलेले असल्याने दिवस बदलावयास कोणी तयार नव्हते.

२० नोव्हेंबर १९४३

त्या दिवशी पहाटेपासून युद्धनौकांनी आणि विमानांनी बेटावर मारा सुरू केला. तीन तासांत सुमारे ३,००० टन दारूगोळा त्या ३०० एकरांवर पडला. बेट धुरात बुडाले. आता तेथे कोणी जिवंत उरले नसेल असे जहाजांवरील पुष्कळांना वाटले. परंतु बहुतेक ठाणी शाबूत होती.

नऊ वाजल्यानंतर पहिल्या अ‍ॅमट्रॅक गाड्या किनाऱ्याला लागल्या. त्यांच्याही आधी लेफ्टनंट विल्यम हॉकिन्स यांचे निवडक टेहळ्यांचे पथक लांब धक्क्यावर उतरले आणि तेथील मशीनगनी त्यांनी एकेक करून बंद पाडल्या. गाड्यांतून उतरलेले सैनिक ओंडक्यांच्या भिंतीआड दबून बसले. डोके वर काढले की गोळी, अशी स्थिती होती.

मागून हिगिन्स बोटी आल्या आणि कट्ट्याच्या कडेशी थांबल्या. पाणी तीन फुटांच्या आसपास होते. हॉलंड यांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले.

मग जे घडले ते डोळ्यांपुढे आणा. बोटीचा दरवाजा खाली पडतो. समोर ५०० ते ७०० यार्ड उघडे पाणी, कुठे कमरेइतके, कुठे छातीइतके. पाठीवर जड ओझे, बंदूक दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेली. आडोसा म्हणून एक झाड नाही, एक खडक नाही. खाली प्रवाळाचे खड्डे. जखमी होऊन पडला तो पुष्कळदा बुडूनच मेला. धावावयाचे म्हटले तर पाणी धावू देत नाही. आणि समोरून मशीनगनी सारख्या चालू. तरीही ते पुढे चालत राहिले. त्या दिवशी सुमारे ५,००० मरीन किनाऱ्याकडे गेले. संध्याकाळपर्यंत त्यांतील १,५०० जण ठार किंवा जखमी झाले होते. वायरलेस संच खाऱ्या पाण्याने बंद पडले. स्वतः शूप यांच्या पायात गोळ्याचे तुकडे घुसले होते. ते एका जपानी ठाण्याच्या भिंतीला टेकून हुकूम देत होते, आणि आत अजून जपानी सैनिक होते!

त्या रात्री जपान्यांनी एकवटून हल्ला केला असता तर मरीन समुद्रात लोटले गेले असते, असे जाणकार म्हणतात. तो हल्ला झाला नाही. दळणवळणाच्या तारा तुटल्या होत्या, आणि पुढील संशोधनावरून असे दिसते की मुक्काम हलवीत असताना शिबासाकी त्याच दुपारी आरमारी तोफांच्या माऱ्यात मारले गेले होते.

पुढील दोन दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी कुमक आली, ती त्याच उथळ पाण्यातून आणि तशीच गोळ्या खात. हॉकिन्स पुन्हा एकेका ठाण्यापर्यंत सरपटत जाऊन आत हातबाँब टाकीत होते. जखमी झाले तरी त्यांनी माघारी जाण्यास नकार दिला, आणि त्याच जखमांनी ते वारले. पुढे तेथील धावपट्टीला त्यांचे नाव देण्यात आले.

लढाईस वळण लागले ते पश्चिमेच्या टोकाला. पहिल्या दिवशी मेजर मायकेल रायन यांच्यापाशी निरनिराळ्या मोडलेल्या तुकड्यांतून वाचलेले सैनिक गोळा झाले होते. कोणाचा अधिकारी मेलेला, कोणाची तुकडीच नाहीशी झालेली. त्या विस्कळीत माणसांची रायन यांनी एक फळी केली, आणि युद्धनौकांच्या तोफांचा मारा नेमका साधून पश्चिम किनारा ताब्यात घेतला. आता नवी पलटण सुखरूप उतरण्यास जागा झाली. दुपारनंतर पाणीही चढू लागले.

तिसऱ्या दिवशी वाळूने झाकलेल्या एका प्रचंड ठाण्यावर लेफ्टनंट अलेक्झांडर बॉनिमन चढून गेले. खरे पाहता त्यांचे काम किनाऱ्यावर सामान उतरवून घेण्याचे होते. ठाण्याच्या माथ्यावर लढताना ते पडले, पण ते ठाणे घेतले गेले. २३ नोव्हेंबरच्या दुपारी लढाई संपल्याचे जाहीर झाले. हॉकिन्स व बॉनिमन यांना मरणोत्तर आणि शूप यांना हयातीत अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले.

हिशेब

सुमारे १,००० अमेरिकन ठार झाले आणि दोन हजारांवर जखमी झाले. जपानी सैनिकांपैकी जिवंत हाती लागले केवळ १७. कोरियन मजुरांपैकी १२९ वाचले. म्हणजे बाराशेंपैकी हजाराहून अधिक मजूर त्या वाळूत गेले. ज्यांनी युद्ध मागितले नाही, ज्यांच्या नावे एकही पदक नाही, अशांची ही संख्या आहे. युद्धाच्या शौर्यकथा वाचताना अंगावर रोमांच उभे राहतात, ते स्वाभाविक आहे. पण हा हिशेबही त्याच पानावर लिहिलेला असावा.

अमेरिकेत बातम्या आणि छायाचित्रे पोहोचली तेव्हा लोक हादरले. एवढ्याशा बेटासाठी एवढे बळी कसे, असा प्रश्न घरोघर विचारला जाऊ लागला. सरसेनापती अ‍ॅडमिरल निमिट्झ यांच्याकडे मृतांच्या नातलगांची संतप्त पत्रे आली. एका आईने तर, माझ्या मुलाला तरावावर तुम्हीच मारलेत, अशा अर्थाचे लिहिले होते. पालकांनो, त्या आईला काय उत्तर द्यावे? शब्दांनी देण्यासारखे उत्तर नव्हतेच.

जे उत्तर देता येण्यासारखे होते ते कृतीने देण्यात आले. चुका झाकून न ठेवता त्यांची तपासणी झाली. लढाईचे चित्रीकरण लोकांना दाखवावे की नाही असा प्रश्न निघाला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ते दाखवण्यास संमती दिली, आणि मृतांची दृश्ये असलेला तो माहितीपट देशाने पाहिला. हवाईतील काहोओलावे बेटावर जपानी ठाण्यांच्या प्रतिकृती बांधून कोणता गोळा त्या फोडतो याचा सराव करण्यात आला. अ‍ॅमट्रॅक गाड्यांची संख्या वाढवली व त्यांना चिलखत चढवले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाण्यात पोहत जाऊन खोली मोजणारी व अडथळे सुरुंगाने उडवणारी खास पथके उभारण्यात आली. तरावानंतर दहाच आठवड्यांनी, १९४४ च्या जानेवारी अखेरीस क्वाजालीनवर चढाई झाली तेव्हा यातील बरेचसे उपयोगात आले, आणि बळी कितीतरी कमी पडले.

पाणी का चढले नाही?

तरीही एक कोडे उरलेच होते. त्या दिवशी भरती आली का नाही? कोणी वाऱ्याला दोष दिला, कोणी नशिबाला.

आपल्यापैकी ज्यांची घरे कोकणच्या किनाऱ्यावर आहेत त्यांना याचे अर्धे उत्तर लगेच सुचेल. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र आणि सूर्य एका रेषेत येऊन पाणी ओढतात. तेव्हा उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास, म्हणजे चांद्र महिन्याच्या सातव्या-आठव्या आणि एकविसाव्या-बाविसाव्या तारखेच्या आसपास, दोघे एकमेकांशी काटकोनात येतात आणि एकाची ओढ दुसऱ्याला उणे करते. तेव्हा भांगाची भरती. भांगाच्या दिवसांत पाणी फारसे चढतही नाही आणि फारसे उतरतही नाही. होडी कधी काढावी आणि कधी ओढून ठेवावी हे आपला खलाशी चंद्राची तारीख पाहून ठरवतो.

उरलेले अर्धे उत्तर १९८७ साली मिळाले. टेक्सासमधील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक डोनाल्ड ओल्सन यांनी १९४३ सालच्या चंद्राची स्थिती गणिताने काढली. त्यात असे दिसून आले की २० नोव्हेंबरच्या सुमारास चंद्र शेवटच्या चतुर्थकात, म्हणजे कृष्ण अष्टमीच्या स्थितीत होता. आणि त्याच वेळी तो आपल्या कक्षेत पृथ्वीपासून सर्वांत दूरच्या बिंदूजवळही होता. काटकोनामुळे ओढ आधीच कमी, दूर असल्यामुळे आणखी कमी. भांगातला भांग! म्हणून समुद्र जवळजवळ दोन दिवस जागच्या जागी उभा राहिला. चंद्राची गती काही गुपित नव्हती. ती पंचांगातही असते. पण ती आणि तो कट्टा यांची सांगड वेळेवर कोणी घातली नाही. पंधरा वर्षे ते पाणी पाहिलेल्या एका माणसाने मात्र अनुभवाने तेच सांगितले होते.

यातून काय घ्यावे?

विद्यार्थी मित्रांनो, पाण्यातून चालत गेलेल्या त्या सैनिकांत पुष्कळ जण तुमच्यापेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठे होते. त्यांच्या धैर्याचा आदर करावयासच हवा. पण त्या धैर्याला जी किंमत मोजावी लागली तिचा एक भाग माहितीच्या अभावाची भरपाई होता, हेही मान्य केले पाहिजे. ज्ञान कमी पडते तेथे कोणाला तरी आपल्या अंगाने ती तूट भरून काढावी लागते, आणि बहुधा ती भरणारा योजना आखणारा नसतो.

म्हणून भूगोलातील भरती-ओहोटीचा धडा हा केवळ चार गुणांचा धडा समजू नका. नकाशा काढताना, तक्ता वाचताना, प्रयोगाची नोंद करताना ती नीट करा. उद्या कोणाचे तरी पाऊल त्या नोंदीवर पडणार आहे. तुमच्यापैकी कोणी इंजिनिअर होईल, कोणी डॉक्टर, कोणी शिक्षक, कोणी बोटीवर जाईल. पूल बांधावयाचा असो की औषधाची मात्रा ठरवावयाची असो, पाणी किती आहे हे आधी विचारण्याची सवय आजपासून लावा. आणि दहा जण एक सांगत असता अकरावा त्याच जागेच्या अनुभवावरून निराळे सांगू लागला, तर त्याला हसून बसवू नका. त्याचे म्हणणे मोजून पाहा.

पालकांनाही एक विनंती. मुलगा किंवा मुलगी धीट असावी असे आपल्याला वाटते, ते योग्यच आहे. त्याचबरोबर त्यांच्या प्रश्नांना घरात जागा असू द्या. चंद्र आज उशिरा का उगवला, ओहोटी कालच्या वेळी आज का नाही, असे मूल विचारते तेव्हा त्याला गप्प करू नका. उत्तर येत नसेल तर त्याच्यासोबत बसून शोधा, किंवा शाळेत विचारावयास पाठवा.

बेतिओवर आज दाट वस्ती आहे. किनाऱ्यावर आठ इंची तोफा गंजून उभ्या आहेत. घरे बांधताना, खणताना अलीकडच्या काळापर्यंत सैनिकांचे अवशेष सापडत आले आहेत. बॉनिमन यांचे अवशेष ७२ वर्षांनी, २०१५ साली सापडले आणि त्यांच्या कुटुंबाच्या स्वाधीन झाले. प्रवाळाच्या त्या कट्ट्यावर पाणी मात्र ठरल्या वेळी चढते आणि ठरल्या वेळी उतरते. कोणत्या दिवशी किती चढेल, हे आता आधीच छापलेल्या तक्त्यात पाहता येते.